युरोपच्या व्हिसाची फाइल कशी लावावी

युरोपला जायचं ठरलं की घरात आधी चर्चा होते ती आल्प्सची, आयफेल टॉवरची आणि सोबत न्यायच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांची. व्हिसाचा विषय निघतो तो तिकिटं काढून झाल्यावर, आणि गडबडीला सुरुवात तिथूनच होते. खरं तर क्रम उलटा हवा. आधी मार्ग ठरवायचा, मग व्हिसा, आणि पैसे अडकवणारी तिकिटं सगळ्यात शेवटी.

परदेश प्रवासाचे व्हिसे अनेक तऱ्हांचे असतात. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी साधारणपणे खिडकीपलीकडचा अधिकारी आपल्याला समोरासमोर दोन-चार प्रश्न विचारतो आणि बहुतेकदा तिथल्या तिथे निर्णय सांगतो. युरोपचं तसं नाही. निर्णय घेणारा माणूस आपल्याला बहुधा कधीच भेटत नाही. त्याच्या टेबलावर जाते ती आपली फाइल. आपण कोण, कशासाठी चाललो, खर्च कोण करणार आणि परत येणार का, या चार प्रश्नांची उत्तरं तो कागदांतच शोधतो. म्हणून या लेखात आपण ती फाइल एकेक कागद करून लावू.

आधी ‘शेंगेन’ म्हणजे काय ते पाहू. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक लहानसं गाव. १९८५ साली तिथे पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचा करार केला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. एकाचा व्हिसा मिळाला की बाकीच्या देशांत त्याच व्हिसावर फिरता येतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. युरोपियन युनियन आणि शेंगेन या दोन याद्या एकसारख्या नाहीत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड आणि लिश्टेनस्टाइन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. आणि लंडन तर दोन्हींत नाही. पॅरिसला जाताना वाटेत दोन दिवस लंडन करू असं मनात असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

आता पहिला खरा निर्णय: अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? नियम सोपा आहे. ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे. समजा पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडला चार आणि इटलीत तीन असा बेत असेल, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे जाईल, मग विमान पॅरिसला उतरत असलं तरी हरकत नाही. सगळीकडे मुक्काम सारखाच असेल, तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्या देशाकडे.

लोक काय करतात, तर ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते किंवा जिथे व्हिसा ‘हमखास लागतो’ असं कुणीतरी सांगतं, तिथे अर्ज टाकतात आणि मुक्काम दुसरीकडेच करतात. कागदावर त्या देशाचे खोटे मुक्काम दाखवले जातात. पकडलं गेलं तर अर्ज नाकारला जातो. व्हिसा मिळूनही विमानतळावर हॉटेलची बुकिंगं भलत्याच देशाची निघाली, तर तिथेही प्रश्न येऊ शकतात. मार्ग बदलावासा वाटत असेल तर तो अर्जाआधी बदला.

वेळेचं गणित असं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निघायच्या किमान १५ दिवस आधी तो जमा व्हावा लागतो. निर्णयासाठी नियमाने १५ दिवस ठरलेले आहेत, पण जास्त चौकशी लागली तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल, तर मार्चमध्ये जागं होणं म्हणजे उशीरच. सगळा महाराष्ट्र त्याच सुट्टीत निघतो आणि अपॉइंटमेंटच्या तारखा आधीच भरलेल्या असतात. निघण्याआधी तीन-साडेतीन महिने हा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. त्याहून फार लवकर केलं तर बँकेचे कागद आणि नोकरीची पत्रं नव्याने मागितली जाऊ शकतात.

आता पासपोर्ट हातात घ्या. तीन गोष्टी पाहायच्या. युरोपातून परतण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालू असला पाहिजे, गेल्या दहा वर्षांत काढलेला असला पाहिजे, आणि त्यात किमान दोन पानं कोरी हवीत. मुलांचा पासपोर्ट मात्र आठवणीने तपासा. मोठ्यांचा दहा वर्षं चालतो, लहानांचा साधारण पाचच. आई-बाबांच्या पासपोर्टची तारीख पाहून सगळे निर्धास्त असतात आणि धाकट्याचा संपलेला निघतो. पानं भिजलेली, शिवण उसवलेली किंवा फोटोवरचं प्लास्टिक सुटलेलं असेल, तर नवा काढूनच पुढे जा.

यानंतर नावाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण आपल्याकडे याचा त्रास जास्त होतो. आपली नावं तीन पदांची. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच, एक आडनावाचा आणि एक नावाचा. त्यामुळे आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’ आणि नावाच्या रकान्यात ‘सुनीता रमेश’ असं छापलं जातं. बँकेत तेच नाव ‘पाटील सुनीता रमेश’ असतं, आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’, आणि लग्नाआधी काढलेल्या पॅन कार्डवर ‘सुनीता दत्तात्रय जाधव’. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. पण मराठी नावांची रीत माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला सुनीता जाधव ही कोणीतरी दुसरीच बाई वाटू शकते.

यावर उपाय आहे. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरायचं आणि अर्ज, तिकीट, विमा, हॉटेल या सगळ्यांवर अक्षरन् अक्षर तेच लिहायचं. ‘रमेश’ मधलं नाव आहे म्हणून तिकिटावर गाळायचं नाही. माहेर-सासरच्या नावांचा फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत जोडायची. आणि सोबतच्या पत्रात एक सरळ वाक्य लिहायचं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. अर्जात ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असा वेगळा रकाना असतो. लग्न झालेल्या बायका तो हमखास कोरा सोडतात किंवा त्यात सासरचं आडनाव लिहितात. तिथे माहेरचंच लिहायचं.

अर्ज बहुतेक देशांसाठी ऑनलाइन भरून छापून न्यावा लागतो. त्यातले तीन रकाने विशेष काळजीने भरा. प्रवासाचं कारण: फिरायला जात असाल तर पर्यटन, मुलीकडे राहायला जात असाल तर नातेवाइकांची भेट. दोन्ही करणार असाल तर ज्यात जास्त दिवस जातील ते. दुसरा रकाना किती वेळा प्रवेश हवा याचा. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा ॲमस्टरडॅमला यायचं असेल, तर शेंगेनमध्ये आपण दोनदा शिरतो, मग एकच प्रवेश मागून चालणार नाही. तिसरा, खर्च कोण करणार. इथे जे लिहाल, त्याच माणसाची बँकेची कागदपत्रं फाइलमध्ये दिसली पाहिजेत. अर्जावर ‘स्वतः’ आणि मागे मुलाचं बँक स्टेटमेंट, असं दिसलं की शंकेला जागा होते. सही करायला विसरू नका. अज्ञान मुलाच्या अर्जावर आई-वडील सही करतात.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, फिकट पार्श्वभूमीचा आणि अलीकडचा लागतो. स्टुडिओत ‘शेंगेनचा फोटो’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पासपोर्ट साइज म्हणून घरात पडलेला जुना फोटो नेऊ नका.

विमान आणि हॉटेल हा पुढचा टप्पा. व्हिसासाठी पैसे भरलेलं पक्कं तिकीट लागत नाही, जाण्या-येण्याचं आरक्षण पुरतं. अनेक वकिलाती स्वतःच सांगतात की व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट विकत घेऊ नका. हॉटेलं मोफत रद्द करता येतील अशी निवडावीत. पण ती खरी असावीत. काही एजंट संगणकावर बनवलेलं तिकीट हातात देतात, ज्यावरचा आरक्षण क्रमांक विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर काहीच सापडत नाही. तो क्रमांक आपण स्वतः टाकून पाहायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

हॉटेलांत एकही रात्र निसटू देऊ नका. आपण १० तारखेला उतरतो आणि २० तारखेला निघतो, तर मधल्या प्रत्येक रात्रीचा मुक्काम कुठे, हे दिसलं पाहिजे. रात्रीच्या रेल्वेने जाणार असाल तर ते तिकीट जोडा. ओळखीच्यांकडे राहणार असाल तर त्यांचं निमंत्रणपत्र, त्यांच्या तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची प्रत आणि पत्त्याचा पुरावा लागतो. काही देशांत यासाठी ठरलेले सरकारी नमुने आहेत. जर्मनीत, उदाहरणार्थ, यजमान खर्चाची जबाबदारी घेणार असेल तर त्याला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन तसं रीतसर हमीपत्र द्यावं लागतं. ते आपल्या मुला-मुलीला तिकडून काढून पाठवायला सांगा. त्यालाही अपॉइंटमेंट लागते, म्हणजे तिथलीही वेळ धरायला हवी.

आता बँक. इथे सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘खात्यात किती हवेत?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पण अधिकारी शेवटचा आकडा पाहून थांबत नाही, तो गेल्या तीन ते सहा महिन्यांतली पैशांची ये-जा वाचतो. दर महिन्याच्या सुरुवातीला पगार किंवा पेन्शन जमा होते, मग वीजबिल, किराणा, विम्याचा हप्ता, मुलाची फी जाते, आणि महिनाअखेर काहीतरी शिल्लक राहते. असं स्टेटमेंट माणसाचं राहणीमान सांगतं. त्यात प्रवासाचा खर्च सहज बसताना दिसला पाहिजे.

याच्या उलट चित्र पाहा. सहा महिने खात्यात वीस-पंचवीस हजार खेळताहेत आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम पाच लाख जमा. ही नोंद कागदावर लगेच उठून दिसते. पैसे उसने आणून दाखवले, असाच अर्थ निघतो. पैसे खरोखर आपलेच असतील, मुदतठेव मोडली असेल, जमीन विकली असेल, मुलाने पाठवले असतील, तर घाबरायचं कारण नाही. त्याचा कागद पुढे जोडायचा आणि स्टेटमेंटवरच्या त्या नोंदीसमोर पेन्सिलने बारीकशी खूण करायची. उसने आणायचे असतील, तर आणू नका. मुदतठेवींची पत्रकं, म्युच्युअल फंडांची विवरणं वेगळी जोडता येतात. बचत खात्यातच सगळं दिसायला हवं असं नाही. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या. मोबाइलवरून उतरवलेली प्रत काही ठिकाणी परत पाठवतात.

उत्पन्नाचे कागद माणसागणिक बदलतात. नोकरदाराला गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र, आणि कंपनीचं रजा मंजूर केल्याचं पत्र लागतं. त्या पत्रात रजेच्या तारखा आणि ‘परत कामावर रुजू होतील’ हे वाक्य असलं पाहिजे. पत्रावरच्या तारखा विमानाच्या तारखांशी जुळतात का, ते पाहा. रजा १२ ते २० आणि परतीचं विमान २३ला, अशा फायली खरंच जातात.

दुकानदाराने गुमास्ता परवाना, जीएसटी नोंदणी आणि धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट जोडावं, घरचं खातं वेगळं. निवृत्त माणसाकडे पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, असतो. त्याची प्रत आणि पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट एवढं सहसा पुरेसं होतं. गृहिणीने नवऱ्याचं खर्चाची जबाबदारी घेणारं पत्र आणि विवाहाचा दाखला लावायचा. कॉलेजच्या मुलांना बोनाफाइड.

शेतकऱ्यांची फाइल जरा जास्त वेळ मागते, पण अवघड नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने अनेकांकडे विवरणपत्र नसतं, आणि इथेच एजंट ‘तुम्हाला एका कंपनीत नोकरीला दाखवतो’ असं सुचवतात. ते अजिबात करू नका. आपला सातबारा आणि आठ-अ हा मालमत्तेचा उत्तम पुरावा आहे. उसाचं बिल कारखान्याकडून खात्यात जमा होतं, बाजार समितीतल्या विक्रीची हिशोबपट्टी असते, दूध संघाचा हप्ता दर काही दिवसांनी येतो. हे सगळं बँकेत दिसतं. पैसे वर्षातून दोन-तीनदाच येत असतील तर सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट द्या आणि पत्रात लिहा की ऊस अमुक महिन्यात जातो, म्हणून रक्कम तेव्हा मोठी दिसते. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरीची सही-शिक्का घ्यावा. मराठीतला जन्मदाखला किंवा विवाहाचा दाखला यांनाही हेच लागू.

मूल फक्त आईबरोबर किंवा फक्त वडिलांबरोबर, किंवा आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर न जाणाऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत हवी. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश.

आता सोबतचं पत्र, म्हणजे कव्हरिंग लेटर. लोक ते इंटरनेटवरून उतरवतात आणि वरची नावं बदलतात. माझ्या मते पूर्ण फाइलमध्ये आपल्या हातात सर्वाधिक असलेला कागद हाच. एक पान पुरे. मी कोण, काय काम करतो, कोणाबरोबर चाललो, कोणत्या तारखेला कोणत्या गावी मुक्काम, अंदाजे खर्च किती आणि तो कुठून येणार, परतल्यावर माझ्यामागे इथे काय आहे. नोकरी, शेती, म्हातारे आई-वडील, शाळेतलं मूल, जे असेल ते. त्याखाली फाइलमध्ये विचित्र दिसू शकेल अशा प्रत्येक गोष्टीचा एका-एका वाक्यात खुलासा: नावातला फरक, खात्यातली मोठी रक्कम, नुकतीच बदललेली नोकरी. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. ‘आपल्या महान देशाचं सौंदर्य पाहण्याची माझी बालपणापासूनची इच्छा’ वगैरे काढून टाका. अधिकाऱ्याला त्याच्या देशाचं सौंदर्य माहीत असतं.

प्रवास विमा सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, आणि उपचार, रुग्णालय तसंच वेळ आली तर मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात असावा. आपल्याकडच्या कंपन्यांची ५०,००० डॉलर्सची पॉलिसी या अटीत बसते. तारखा मोजताना निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस धरा. रात्री मुंबईहून निघालेलं विमान तिथे दुसऱ्या दिवशी उतरतं, यात एक दिवस कमी पडतो. आई-वडिलांना मधुमेह, रक्तदाब असेल तर जुन्या आजारांबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचा. व्हिसासाठी स्वस्त पॉलिसी चालून जाते, पण तिकडे खरोखर दवाखान्यात जावं लागलं तर तीच अपुरी पडते.

फाइल तयार झाली की अपॉइंटमेंट. बहुतेक देशांचे अर्ज भारतात व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी स्वीकारते, स्पेनसाठी बीएलएस इंटरनॅशनल. या कंपन्या कागद गोळा करून वकिलातीकडे पाठवतात. व्हिसा द्यायचा की नाही, हे त्यांच्या हातात नसतं. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो आणि तो ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी त्याला काही अर्थ नसतो. काही देशांच्या वकिलाती आपण राहतो त्या भागातूनच अर्ज घेतात. पासपोर्टवर नागपूरचा पत्ता आणि नोकरी बेंगळुरूत असेल, तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा.

व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालच्यांना माफ. ते त्या वेळच्या दराने रुपयांत भरायचं असतं, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. केंद्रात एसएमएस, कुरिअर, आरामकक्ष, छायाप्रती अशा वरकड सेवा विचारल्या जातात. त्या ऐच्छिक आहेत. खास कक्षात बसून अर्ज दिल्याने निर्णय वेगळा लागत नाही. कुरिअर मात्र गावाकडच्या माणसाला सोयीचं पडतं.

त्याच दिवशी बायोमेट्रिक, म्हणजे दहाही बोटांचे ठसे आणि फोटो, घेतले जातात. बारा वर्षांखालच्या मुलांना ठशांतून सूट आहे. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात, म्हणून पूर्वी शेंगेन व्हिसा काढला असेल तर तो दाखवा. नुकतंच लग्नकार्य झालं असेल आणि हातांवर गडद मेंदी असेल, किंवा बोट कापलेलं असेल, तर ठसे नीट उमटत नाहीत. अपॉइंटमेंट त्या हिशोबाने घ्या. शेतात काम करून किंवा वयाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतील तर दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, त्यात चिंतेचं काही नाही.

पासपोर्ट आता त्यांच्याकडे राहतो. मधल्या काळात दुसऱ्या देशात जायचं असेल तर ते आधीच लक्षात घ्यायला हवं. कधी कधी वकिलातीतून फोन येतो, आणि घरातले मोठे गोंधळतात तो याच वेळी. ‘कुठे चाललात?’ या प्रश्नाला ‘टूरवाल्यांना माहीत’ किंवा ‘मुलाला विचारा’ असं उत्तर गेलं तर त्याचा भलता अर्थ निघू शकतो. ग्रुप टूर असली तरी शहरांची नावं, तारखा आणि बरोबर कोण हे प्रत्येकाला पाठ असू दे. परका नंबर म्हणून फोन कट करू नका.

पासपोर्ट परत आला की पाकीट फोडून तिथेच व्हिसाचा स्टिकर वाचा. वरच्या भागात कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलेलं असतं. त्याखाली ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा. प्रकार ‘सी’ म्हणजे अल्प मुदतीचा. पुढे प्रवेशांची संख्या: ०१, ०२ किंवा अनेक वेळांसाठी ‘मल्ट’. आणि राहण्याचे दिवस. मग पासपोर्ट क्रमांक आणि आपलं नाव. शब्द त्या देशाच्या भाषेत असू शकतात, पण रकान्यांची जागा सगळीकडे तीच. चूक दिसली तर लगेच केंद्राला कळवा. विमानतळावर गेल्यावर ती दुरुस्त होत नाही.

इथे एक बारकावा फसवतो. तारखा १० मे ते ४ जून अशा असतील आणि राहण्याचे दिवस ११ लिहिले असतील, तर आपण अकराच दिवस राहू शकतो. जास्तीच्या तारखा विमान पुढे-मागे झालं तर सोय म्हणून दिलेल्या असतात, मुक्काम वाढवण्यासाठी नाही. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात.

व्हिसा नाकारला गेला, तर सोबत एक छापील पत्र येतं. त्यात ठरलेल्या कारणांची यादी असते आणि आपल्याला लागू असलेल्या कारणावर खूण. सहसा दोन कारणं जास्त दिसतात: प्रवासाच्या उद्देशाची माहिती विश्वासार्ह वाटली नाही, आणि मुदत संपण्याआधी परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. वाचताना अपमान वाटतो, पण हे साच्यातलं वाक्य असतं. अपील करता येतं. त्याची मुदत आणि पद्धत त्या-त्या देशाप्रमाणे पत्रातच दिलेली असते. जर्मनीने वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली, आता तिथे नवा अर्ज किंवा न्यायालय हे दोन मार्ग उरले आहेत. बहुतेकांना नवा अर्जच परवडतो. मात्र जुनीच फाइल पुन्हा देऊ नका. ज्या कारणावर खूण आहे त्याचं उत्तर देणारा नवा कागद हवा.

आणि नकार लपवू नका. शेंगेन देशांची सामाईक व्हिसा नोंद असते आणि त्यात ही माहिती पाच वर्षं राहते. फ्रान्सने नाकारलेलं इटलीला दिसतं. खोटं नोकरीचं पत्र किंवा बनावट स्टेटमेंट सापडलं तर तेही तिथेच नोंदलं जातं, आणि ते एजंटच्या नावावर जात नाही.

निघण्याच्या दिवशी व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सीमेवरचा अधिकारी तिथेही हॉटेल, परतीचं तिकीट, विमा आणि पैसे यांबद्दल विचारू शकतो. सगळ्या कागदांची एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्ट वाचला जातो, चेहऱ्याचा फोटो घेतला जातो आणि आपण किती दिवस राहिलो ते यंत्रच मोजतं. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, ही मर्यादा नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी विशेष लक्षात ठेवावी. पूर्वी पुसट शिक्क्यामुळे एखादा दिवस खपून जायचा, आता जात नाही.

परत आल्यावर जुना पासपोर्ट माळ्यावर टाकू नका. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये नवी सवलत आली आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमाने वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, कितीही वेळा जाता येईल असा मिळू शकतो, आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा. अट अशी की पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. दोन वर्षांचा व्हिसा मिळण्याजोगा असताना पासपोर्टच वर्षभरात संपत असेल, तर आधी तो नवा करून घ्या आणि जुन्या पासपोर्टवरच्या दोन्ही व्हिशांच्या प्रती नव्या अर्जाला जोडा.